जठराला हुकूम कोण देतो ?

आपल्यापैकीं कांहींचीं जेवणें आटोपलीं असतील, कांहींचीं व्हावयाचीं असतील. ज्यांचीं व्हावयाचीं आहेत त्यांच्या स्वयंपाकघरांतून या घटकेला लसणीच्या फोडणीचा वास येत असेल आणि त्यांच्या तोंडाला पाणी सुटलें असेल. तोंडाला सुटलेलें पाणी सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्याच वेळीं पोटांतहि एक पाणी सुटूं लागलेलें असतें, ही गोष्ट फारच थोड्यांच्या ध्यानांत येते. तें पाणी म्हणजे जठररस. अन्नाचा एक कणहि अद्याप घशाखालीं उतरलेला नसतांना जठराला ही वर्दी कोण देतो, ती तेथल्या पेशींना कशी समजते, आणि 'आतां पुरे' असें त्यांना कोण सांगतो, हा माझ्या आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रथमच सांगून टाकतों कीं, मी वैद्य नाहीं आणि डॉक्टरहि नाहीं. मॅट्रिक होऊन मीं शाळामास्तरकी पत्करली आणि आयुष्य मुलांना शिकविण्यांत घालविलें. हा विषय मला कोणत्याहि कॉलेजानें शिकविला नाहीं. तो माझ्या पोटानें मला शिकविला, आणि फीहि जबर घेतली.

मी पिंपळे गुरव येथें राहतों. पवनेच्या कांठचें हें एके काळचें शेतकऱ्यांचें खेडें आज पिंपरी-चिंचवड शहराचा एक दाट वस्तीचा भाग होऊन बसलें आहे. आमच्या इमारतींत कोणी पहिल्या पाळीला जातो, कोणी दुसऱ्या, कोणी रात्रपाळीला. एकाच्या न्याहारीच्या वेळीं दुसरा अंथरूण घालतो. छातींत जळजळ आणि आंबट ढेकर यांच्या तक्रारी तर जिन्यांत भेटेल त्याच्या तोंडीं असतात. त्यांवर आम्हां सर्वांचा इलाजहि एकच : कोपऱ्यावरच्या दुकानांतून 'ॲसिडिटीची गोळी' आणावयाची आणि चघळावयाची. दोन वर्षांपूर्वीं माझे गुडघे धरले, तेव्हां मीं त्याच दुकानांतून दुखणें थांबविणाऱ्या गोळ्या आणून दोन महिने घेतल्या, आणि पुष्कळदां उपाशीपोटीं घेतल्या. पोटांत जळजळलें कीं वरून आम्लाची गोळी ! एके सकाळीं शौचाला डांबरासारखें काळें झालें. आदल्या दिवशीं खाल्लेल्या कशाचा तरी रंग असेल असें म्हणून मीं तें कोणाला सांगितलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं न्हाणीघरांत मला घेरी आली, आणि आमच्या मंडळींनीं शेजाऱ्यांना हांक मारून मला इस्पितळांत नेलें. डॉक्टरांनीं घशांतून दुर्बीण घालून पाहिलें, तों जठरांत व्रण होऊन त्यांतून रक्त झिरपत होतें. तेंच रक्त पोटांतून जातां जातां काळें पडून बाहेर येत होतें.

बरा होऊन घरीं जावयास निघालों तेव्हां मीं डॉक्टरांना विचारलें, "मी तर आम्ल मारण्याची गोळी घेतच होतों, मग व्रण झाला कसा?" ते हंसून म्हणाले, "गुरुजी, आम्ल हा हुकुमाचा ताबेदार आहे. तो कोणाच्या हुकुमानें चालतो आणि त्याला आवर कोण घालतो, हें पाहिल्याशिवाय नुसतें त्यालाच बडवून काय उपयोग ?" त्या एका प्रश्नानें मला वाचावयास बसविलें. त्या वाचनांतून जें हातीं लागलें तें आज आपल्यापुढें ठेवीत आहें.

आधीं या ताबेदाराची ओळख करून घेऊं. जठरांतलें आम्ल हें हायड्रोक्लोरिक आम्ल होय, असें इंग्लंडांतील विल्यम प्राउट यानें १८२४ सालीं दाखवून दिलें. निरोगी माणसाच्या जठरांत दिवसाकाठीं सुमारें दीड ते दोन लिटर रस स्रवतो. त्यांतलें आम्ल अन्नाबरोबर आलेल्या बहुतेक जंतूंना मारतें, डाळी-दुधांतील प्रथिनांच्या घट्ट गुंडाळ्या उलगडतें, आणि पेप्सिन नांवाच्या पाचक द्रव्याला कामास लावतें. ज्या पेशी हें आम्ल तयार करतात त्याच पेशी आणखी एक घटक स्रवतात. तो नसेल तर ब-१२ हें जीवनसत्त्व पुढें आंतड्यांत नीट शोषलें जात नाहीं. तेव्हां आम्लाला सरसकट शत्रु समजणें ही आपली पहिली चूक.

हें आम्ल किती कडक असतें याचा एक दाखला आमच्या शेजारच्या पिंपरींतच आहे. तेथें १९५४ सालीं हिंदुस्थान ॲंटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि पेनिसिलिन तयार होऊं लागलें. मूळचें पेनिसिलिन सुईनेंच टोचावें लागे. कारण तें तोंडानें घेतलें तर जठरांतलें आम्ल त्याचा बराच भाग फोडून टाकी. ज्या औषधापुढें भल्या भल्या जंतूंनीं हात टेकले, त्याची डाळ जठरांत मात्र शिजत नसे ! पुढें आम्लांत टिकून राहणारीं, पेनिसिलिनच्याच जातीचीं औषधें निघालीं, तेव्हां तीं गोळ्यांच्या रूपानें देतां येऊं लागलीं. त्यांपैकीं एकाची आणि आपली गांठ या भाषणाच्या शेवटीं पुन्हां पडणार आहे.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. एवढें कडक द्रव्य पोटांत सोडावयाचा हुकूम कोण देतो ?

याचें पहिलें उत्तर रशियांतील इव्हान पाव्हलॉव्ह यानें कुत्र्यांवर प्रयोग करून दिलें. त्यानें कुत्र्याची अन्ननलिका गळ्यापाशीं उघडून ठेवली. त्यामुळें गिळलेला घांस जठरांत न जातां बाहेरच पडे. तरीहि कुत्रा खाऊं लागल्यावर थोड्याच मिनिटांत त्याच्या जठरांतून रस पाझरूं लागे. मेंदूपासून पोटापर्यंत उतरणारा व्हेगस नांवाचा मज्जातंतु कापला म्हणजे हें पाझरणें थांबे. अर्थात् पहिली वर्दी मेंदूची, आणि ती पोंचविणारी तार व्हेगसची. पाव्हलॉव्हला १९०४ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. आपल्याकडच्या पंगतींत पान पूर्ण वाढून होईपर्यंत कोणी घांस उचलीत नसे. मीठ-लिंबापासून वरणभातापर्यंत सारें नजरेखालून जाई, श्लोक म्हटला जाई, भातावर तूप पडे, आणि आपोष्णी होऊन मग जेवणास आरंभ होई. आपल्या पूर्वजांनीं व्हेगसचें नांव ऐकलेलें नव्हतें, पण त्या चार-दोन मिनिटांत जठराला आगाऊ सूचना मिळून जात असे. एका जेवणाच्या निमित्तानें जेवढें आम्ल स्रवतें, त्यापैकीं सुमारें तिसरा हिस्सा या आगाऊ सूचनेमुळेंच स्रवतो.

परंतु सारा कारभार तारेवरच चालतो असें नाहीं. कांहीं निरोप रक्ताच्या टपालानेंहि जातात. १९०५ सालीं जॉन एडकिन्स या इंग्रज शास्त्रज्ञानें जठराच्या खालच्या भागांतील अस्तराचा अर्क काढून तो प्राण्यांच्या शिरेंत टोचला. त्याबरोबर जठरांत आम्ल सुटलें. त्या अर्कांतील निरोप्याला त्यानें गॅस्ट्रिन असें नांव दिलें. मात्र बिचाऱ्या एडकिन्सचें दैव आडवें आलें. १९१६ सालीं पोपिएल्स्की या पोलिश शास्त्रज्ञाला असें आढळलें कीं, हिस्टामिन नांवाचें एक साधें रसायन टोचलें तरीहि आम्लाचा पूर लोटतो. हिस्टामिन तर शरीरांत ठिकठिकाणीं सांपडतें. मग लोक म्हणूं लागले कीं, एडकिन्सच्या अर्कांत हिस्टामिनच असलें पाहिजे. गॅस्ट्रिन वगैरे कांहीं नाहीं. हा संशय फिटावयास १९६४ साल उजाडावें लागलें. त्या वर्षीं लिव्हरपूल येथील ग्रेगरी आणि ट्रेसी यांनीं डुकराच्या जठरांतून शुद्ध गॅस्ट्रिन वेगळें काढून दाखविलें. ज्या मण्यांचीं प्रथिनें बनतात त्याच अमिनो आम्लांच्या १७ मण्यांची ती एक आंखूड माळ होती. अशा आंखूड माळेला पेप्टाइड म्हणतात. एडकिन्स खरा ठरला. परंतु तो त्यापूर्वींच, १९४० सालीं, वारला होता.

येणेंप्रमाणें निरोपे तीन झाले : मज्जातंतूच्या टोकाशीं सुटणारें ॲसेटिलकोलिन, रक्तांतून येणारें गॅस्ट्रिन, आणि आम्लपेशींच्या शेजारच्या पेशींतून सुटणारें हिस्टामिन. आतां निरोप्या दारांत आला तरी घरांतल्याला कळावयाचें कसें ? त्यासाठीं पेशीच्या आवरणांत विशिष्ट घडणीचीं प्रथिनें बसविलेलीं असतात. त्यांना ग्राही म्हणतात. ग्राही हें कुलूप आणि निरोप्या ही किल्ली, असें समजा. ज्या किल्लीचे दांते जुळतील तीच त्या कुलुपांत फिरते. आम्लपेशीवर या तिघांचीं तीन निरनिराळीं कुलुपें आहेत. त्यांतहि मौज अशी कीं, गॅस्ट्रिन आम्लपेशीपाशीं स्वतः थोडें बोलतें आणि शेजारच्या हिस्टामिनच्या पेशींकडूनच अधिक बोलवून घेतें. आणि तिन्ही किल्ल्या एकदम फिरल्या म्हणजे जें आम्ल सुटतें तें प्रत्येकीच्या वेगवेगळ्या परिणामाच्या बेरजेहूनहि अधिक असतें.

किल्ली फिरली कीं आंत काय घडतें ? आम्लपेशीच्या पोटांत असंख्य सूक्ष्म पिशव्या असतात आणि त्यांच्या भिंतींत पंप बसविलेले असतात. हुकूम मिळतांच या पिशव्या पेशीच्या पृष्ठभागाला येऊन मिळतात आणि पंप चालूं होतात. प्रत्येक पंप हायड्रोजनचा एक भारित कण बाहेर ढकलतो आणि त्याच्या बदल्यांत पोटॅशियमचा एक कण आंत घेतो. या खटाटोपानें बाहेरच्या रसांत हायड्रोजनच्या त्या कणांचें प्रमाण रक्तांतल्या प्रमाणाच्या दहा लाख पटींवर जाऊन पोंचतें. एवढा चढ चढावयाचा म्हणजे इंधनहि तितकेंच हवें. म्हणून आम्लपेशीचा सुमारें तिसरा हिस्सा ऊर्जा निर्माण करणाऱ्या सूक्ष्म भट्ट्यांनींच व्यापलेला असतो.

ही कुलपांची गोष्ट नुसत्या कल्पनेची नाहीं. तिच्यावरच पुढचें औषधशास्त्र उभें राहिलें. पूर्वीं जठराचा व्रण हटला नाहीं म्हणजे शस्त्रवैद्याकडे जावें लागे. १९४३ सालापासून शिकागो येथील ड्रॅगस्टेट यांनीं अशा रोग्यांचा व्हेगसच कापण्याची शस्त्रक्रिया सुरू केली; म्हणजे हुकुमाची तारच तोडावयाची ! कुलुपाचा विचार केला तो जेम्स ब्लॅक यांनीं. सर्दी-खाजेवरचीं हिस्टामिनविरोधी औषधें त्या वेळीं बाजारांत होतीं. परंतु तीं घेऊन आम्ल तिळभरहि कमी होत नसे. ब्लॅक यांनीं तर्क केला कीं, किल्ली एकच असली तरी कुलुपें दोन जातींचीं असावींत, आणि जठरांतलें कुलूप दुसऱ्या जातीचें असावें. त्या कुलुपांत जाऊन बसेल परंतु फिरणार नाहीं अशी खोटी किल्ली ते व त्यांचे सहकारी कित्येक वर्षें घडवीत राहिले. १९७२ सालीं त्यांनीं अशा पहिल्या औषधाची वार्ता प्रसिद्ध केली, आणि १९७६ सालीं सिमेटिडीन हें औषध रोग्यांच्या हातीं आलें. १९८८ सालीं ब्लॅक यांना नोबेल पारितोषिकांत वांटा मिळाला. त्यानंतर तर पंपालाच बंद पाडणारीं औषधें आलीं. आज डॉक्टर बहुधा तींच लिहून देतात.

आतां मज्जातंतूंच्या एका गुप्त निरोप्याची हकीकत सांगतों. ॲसेटिलकोलिनच्या कुलुपांत खोटी किल्ली अडकवून ठेवणारें ॲट्रोपीन हें औषध फार जुनें आहे. तें देऊन व्हेगसला चेतविलें, तरीहि रक्तांत गॅस्ट्रिन सुटतच राहतें असें शास्त्रज्ञांना दिसलें. म्हणजे तारेच्या टोकाशीं आणखी कोणी तरी निरोप्या असला पाहिजे. त्याचा माग लागला तो एका बेडकाच्या कातडींत ! बॉम्बिना नांवाच्या युरोपांतील बेडकाच्या कातडींतून एर्स्पामेर या इटालियन शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेनें एक पेप्टाइड काढलें आणि त्याला बॉम्बेसिन हें नांव दिलें. नांव ऐकून मुंबईची आठवण होईल, परंतु मुंबईचा आणि त्याचा कांहीं संबंध नाहीं. या बॉम्बेसिनचेंच एक भावंड सस्तन प्राण्यांच्या जठरांतील मज्जातंतूंत सांपडलें. त्याचें काम गॅस्ट्रिनच्या पेशीवरील स्वतंत्र कुलूप उघडून गॅस्ट्रिन मोकळें करणें हें होय. मज्जातंतूंतून सुटणाऱ्या अशा निरोप्यांना न्यूरोपेप्टाइड म्हणतात. उंदरांवरील प्रयोगांत हिस्टामिनच्या पेशींवरहि पॅकॅप नांवाच्या दुसऱ्या एका न्यूरोपेप्टाइडचें कुलूप आढळलें आहे. यावरून दिसेल कीं, मेंदू जठराशीं एकाच भाषेंत बोलत नाहीं.

इतका वेळ आपण चाबकाची गोष्ट केली. आतां लगामाची करूं. माझ्या मतें सर्व विषयाचें मर्म येथेंच आहे. १९७३ सालीं मेंढ्यांच्या मेंदूच्या तळभागांतून १४ मण्यांचें एक पेप्टाइड वेगळें काढण्यांत आलें. शरीराची वाढ करविणाऱ्या द्रव्याला तें आवर घालतें असें दिसलें, म्हणून त्याचें नांव सोमॅटोस्टॅटिन पडलें. पुढें तेंच पेप्टाइड जठरांतल्या कांहीं पेशींतहि सांपडलें. जठरांत आम्ल पुरेसें सांचलें कीं या पेशी सोमॅटोस्टॅटिन सोडतात. गॅस्ट्रिनच्या पेशी, हिस्टामिनच्या पेशी आणि खुद्द आम्लपेशी या तिन्हींवर त्याचीं कुलुपें आहेत; परंतु हीं कुलुपें उघडलीं म्हणजे काम बंद पडतें. अशा रीतीनें आम्ल स्वतःच स्वतःचा लगाम ओढतें. निरोगी माणसाच्या पोटांत रोज एवढें आम्ल सुटूनहि त्याला त्याची खबर नसते, याचें एक कारण हें. दुसरें कारण असें कीं, जठराच्या अस्तरावर चिकट द्रवाचा आणि क्षाराचा एक लेप सदैव चढत असतो.

आतां व्रण कां होतो तें समजावयास सोपें आहे. एक तर लगाम सुटतो, किंवा लेप झिजतो, किंवा दोन्ही.

लगाम सोडविणारा चोर १९८२ सालीं ऑस्ट्रेलियांत पकडला गेला. रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनीं जठराच्या अस्तरांत राहणारा एक नागमोडी जंतु दाखवून दिला; आज त्याला हेलिकोबॅक्टर पायलोरी म्हणतात. आम्लांत जंतु जगेलच कसा, असें म्हणून पुष्कळांनीं तें हंसण्यावारी नेलें. तेव्हां १९८४ सालीं मार्शल यांनीं तो जंतु स्वतः पिऊन जठराचा दाह ओढवून घेतला. उभयतांना २००५ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. हा जंतु अमोनिया तयार करून आपल्याभोंवतालचें आम्ल बोथट करतो. तो जठराच्या खालच्या भागांत ठाण मांडून बसला, तर तेथील सोमॅटोस्टॅटिन घटतें, गॅस्ट्रिन बेलगाम सुटतें आणि आम्ल वाढतें. ज्या पुष्कळ रोग्यांना जठरालगतच्या आंतड्याच्या पहिल्या भागांत व्रण होतो, त्यांच्या पोटांत हेंच घडलेलें असतें.

लेप झिजविणाऱ्या म्हणजे माझ्या गुडघ्यांवरच्या गोळ्या. ॲस्पिरिन आणि तिच्या जातीचीं वेदनाशामक औषधें शरीरांतील प्रोस्टाग्लॅंडिन या द्रव्यांची निर्मिति थांबवितात, हें जॉन व्हेन यांनीं १९७१ सालीं दाखविलें. दुखणें थांबतें तें त्यामुळेंच. परंतु जठराचा लेप राखणें आणि आम्लपेशीला थोडा आवर घालणें हीं कामेंहि प्रोस्टाग्लॅंडिनेंच करतात. तेव्हां गुडघा शांत होतो आणि त्याची किंमत जठर देतें.

आतां माझ्या प्रश्नाचें उत्तर मलाच देतां येतें. मी चघळत होतों ती गोळी सांडलेलें आम्ल थोडा वेळ पुसून काढीत होती. हुकूम, लगाम किंवा लेप यांपैकीं कशालाच ती हात लावीत नव्हती. लेप एकीकडून झिजतच होता. आणि तपासणींत पुढें असेंहि निघालें कीं, तो जंतु माझ्या पोटांत मुक्कामाला होताच. गोळीनें केलें एवढेंच कीं, जळजळ थांबवून घरांतला ओरडणारा पहारेकरी गप्प केला. चोर आपलें काम करीत राहिले. डॉक्टरांनीं मला गुडघ्यांच्या त्या गोळ्या बंद करावयास लावल्या, पंप थांबविणारें औषध दिलें, आणि जंतूंवर चौदा दिवस दोन औषधें दिलीं. त्यांतलें एक पेनिसिलिनच्या जातीचें अमॉक्सिसिलिन होतें. ज्याच्या मूळपुरुषाला जठरांतलें आम्ल टिकूं देत नव्हतें, त्याच्याच वंशजानें माझें जठर राखलें.

श्रोतेहो, या साऱ्यांतून संसारी माणसानें काय घ्यावें ? पंप थांबविणारीं औषधें गुणकारी आहेत, पण तींहि मनास येईल तशीं वर्षानुवर्षें घेऊं नयेत. आम्ल फार दिवस कमी राहिलें म्हणजे लगाम ढिला पडून रक्तांतलें गॅस्ट्रिन वाढतें. मग औषध एकाएकीं सोडलें कीं आम्ल दुप्पट जोरानें उसळूं शकतें, आणि माणसाला वाटतें कीं आपणांस गोळीवांचून गत्यंतर नाहीं. तीं केव्हां सुरू करावींत आणि कशीं सोडावींत, हें डॉक्टरांनींच ठरवावें. दुखणें थांबविणाऱ्या गोळ्या दुकानदाराच्या सल्ल्यानें रोज घेऊं नयेत. वारंवार जळजळ होत असेल, घांस गिळतांना अडकत असेल, कारण नसतांना वजन उतरत असेल, तर तपासून घ्यावें. आणि शौचाला डांबरासारखें काळें झालें किंवा उलटींत रक्त दिसलें, तर माझ्यासारखी एका दिवसाचीहि वाट न पाहतां तडक इस्पितळ गांठावें.

आमच्या जिन्यांत अजूनहि कोणी तरी मला म्हणतो, "गुरुजी, फार जळजळतंय हो, एखादी गोळी आहे का?" पूर्वीं मी खिशांतली काढून देत असें. आतां मी त्याला आधीं विचारतों, "किती दिवस जळजळतें आहे, आणि दुसऱ्या कोणत्या गोळ्या चालल्या आहेत ?" बहुतेक वेळां या दुसऱ्या प्रश्नालाच तो थबकतो. आपणहि आपल्या घरांत हा प्रश्न विचारीत चला, एवढी विनंति करून मी आपली रजा घेतों.